ताकद, तब्येत आणि त्राण : हे शब्द आपल्याला काय ऐकू देतात?

या मालेत आपण रोजच्या वापरातल्या शब्दांकडे जरा थांबून बघतो. आज पुढ्यात आहेत ते ताकदीचे, आरोग्याचे, जिवंतपणाचे शब्द. बळ, शक्ती, ताकद, जोर, दम, कस, त्राण, तब्येत, प्रकृती, स्वास्थ्य. आणि अलीकडचे एनर्जी, स्टॅमिना, फिटनेस, इम्युनिटी. यादी लांबलचक आहे. एवढी यादी झाली की 'आपली भाषा किती समृद्ध' असं म्हणून आपण मोकळे होतो. आज तसं मोकळं व्हायचं नाही. हे शब्द कोण वापरतं, कोणाबद्दल वापरतं, आणि ते उच्चारल्यावर समोरच्याला नेमकं काय ऐकू येतं, हे तपासायचं आहे.

आमचं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला ते पारखून घेता येईल. मराठीत ताकद असण्याचे आणि ताकद नसण्याचे, दोन्हीकडचे शब्द फार नेमके आहेत. पण जाहिरात, दवाखाना आणि गौरवाची भाषणं यांनी मिळून या दोन्ही बाजू सपाट करत आणल्या आहेत. एका बाजूला 'वीकनेस' उरला, दुसऱ्या बाजूला 'शक्ती'ची बाटली. मधलं सगळं गळून गेलं. यात भाषेचा तोटा आहेच, पण त्याहून मोठा तोटा माणसांचा आहे, आणि त्यातही बायकांचा.

आधी जुने शब्द बघू. ते जुने आहेत म्हणून चांगले, असा मुद्दा नाही. ते शरीराकडे कसं बघतात ते कळावं म्हणून.

'ठणठणीत' घ्या. बाजारात मडकं घेताना आपण ते बोटानं वाजवून बघतो. तडा नसेल तर ठण्ण वाजतं, तडा असेल तर बद्द आवाज येतो. 'आजोबा ठणठणीत आहेत' म्हणजे कुठं तडा गेलेला नाही. 'खणखणीत' आवाज असतो, तसंच खणखणीत नाणं असतं. 'टुणटुणीत' म्हटलं की उड्या मारणारं पोर डोळ्यांसमोर येतं. हे शब्द कानानं आणि डोळ्यानं तपासून दिलेले दाखले आहेत. त्यात कुठलाही साठा नाही, अमुक इतकी शक्ती आत भरलेली आहे अशी कल्पना नाही.

'कस' बघा. कस म्हणजे मुळात सोनं घासून बघायचा कसोटीचा दगड. म्हणून 'कस लागणं' म्हणजे परीक्षा होणं. तोच शब्द जमिनीला लागला : जमिनीचा कस. अन्नाला लागला : सकस, निकस. म्हणजे घासून बघितल्यावर जे टिकतं, त्याला आपण ताकद म्हटलं.

'दम' हा फारसी शब्द, अर्थ श्वास. मराठीनं त्याचं काय काय केलं! जिना चढताना दम लागतो. गाडी येईपर्यंत दम धरायचा. पोराला दम द्यायचा. माणसाच्या बोलण्यात दम असतो किंवा नसतो. गवयाकडे दमसास लागतो. श्वास ज्याच्या ताब्यात, त्याच्याकडे ताकद, असा हा सगळा विचार आहे. व्यायामाला एक दिवस जरी गेलेला माणूस हे मान्य करील.

आणि 'त्राण'. आमच्या मते या यादीतला हा सगळ्यात हळवा शब्द. संस्कृतात त्राण म्हणजे रक्षण. शिरस्त्राण डोक्याचं रक्षण करतं, पादत्राण पायाचं. मराठीत तो एकटा आला की अर्थ होतो अंगातली ताकद. गंमत अशी, की तो बहुतेक वेळा नकारातच येतो. 'माझ्या अंगात चिक्कार त्राण आहे' असं कोणी म्हणत नाही. 'त्राण उरलं नाही' असंच म्हणतात. बोलणाऱ्याच्या मनात व्युत्पत्ती नसेलही, पण शब्द आपलं काम करतो : शरीरावरचं पांघरूण गेलं, आता आम्ही उघडे पडलो.

इथं एक गोष्ट लक्षात घ्या. ताकद अरबीतून आली, तब्येतही. जोर, दम, कमजोर हे फारसी. बळ, शक्ती, त्राण, कस संस्कृताकडचे. ठणठणीत आणि टुणटुणीत आपल्याच कानातून निघालेले. त्यामुळे परका शब्द विरुद्ध आपला शब्द, असं भांडण आम्हाला मांडायचं नाही. 'तालीम' हा अरबी शब्द, अर्थ शिकवण. मराठीनं त्याचा आखाडा केला आणि नाटकाची रंगीत तालीमही केली. शब्द बाहेरून येण्यात काही वाईट नाही. आल्यावर तो ऐकू येणं वाढवतो की कमी करतो, एवढंच बघायचं.

तालमीचा विषय निघालाच आहे तर थोडं तिथंच थांबू. कोल्हापूरच्या तालमीत 'जोर' ही मोजायची गोष्ट आहे. जोर काढायचे, बैठका मारायच्या, आकडा सांगायचा. हौद्यात उतरायचं, वस्तादाच्या नजरेखाली मेहनत करायची, मग खुराक. तिथं ताकद हे नाम कमी आणि क्रियापद जास्त आहे. ती करावी लागते, आणि नाही केली तर जाते. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव बँटमवेट गटात खेळले, म्हणजे सत्तावन्न किलोंच्या आतल्या गटात. अशा माणसासाठी मराठीत 'काटक' हा सुरेख शब्द आहे. अंगावर मांस कमी, पण मोडणार नाही असा.

आता याच्या शेजारी 'तब्येत' ठेवा. तबीयत म्हणजे स्वभाव, घडण. 'प्रकृती'चा अर्थही तोच. मराठीत प्रकृतीची चौकशी करणं म्हणजे खरं तर 'तुमची मूळ घडण जागेवर आहे ना' असं विचारणं. पण लग्नसमारंभात भेटलेला नातेवाईक 'काय तब्येत केली आहेस!' म्हणतो तेव्हा त्याला पोट दिसत असतं. 'तब्येत सुधारली' म्हणजे वजन वाढलं. 'तब्येत उतरली' म्हणजे माणूस बारीक झाला. ज्या काळात भूक हाच मोठा आजार होता, त्या काळातला हा हिशेब. तो तेव्हा बरोबर होता. आज मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या काळात तोच हिशेब चालू ठेवला, की काटक माणसाला आपण 'खात जा जरा' म्हणतो आणि सुटलेल्या पोटाचं कौतुक करतो.

'प्रकृती'चं सार्वजनिक जीवन तर आणखी मजेशीर. मंत्री राजीनामा देतात तो 'प्रकृतीच्या कारणास्तव'. रुग्णालयाचं पत्रक निघतं, 'प्रकृती स्थिर आहे'. पहिल्या वाक्यातून कोणाला आजार कळत नाही, दुसऱ्यातून आराम कळत नाही. हा शब्द तिथं पडदा म्हणून टांगलेला असतो, आणि वाचकालाही ते माहीत असतं.

शास्त्राचे शब्द बघितले तर ते व्यापक आहेत. 'आरोग्य' म्हणजे रोग नसणं, एवढी साधी नकारात्मक व्याख्या शब्दातच बसलेली. 'स्वास्थ्य' त्याच्या पुढे जातं : स्वतःत स्थित असणं. सुश्रुतसंहितेत स्वस्थ माणसाचं वर्णन करताना दोष, अग्नी, धातू यांच्या समतोलाबरोबर मनाची आणि इंद्रियांची प्रसन्नताही मोजली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९४८ पासून लागू झालेल्या घटनेतही शारीरिक, मानसिक आणि सामाजिक सुस्थिती अशी तिहेरी मांडणी आहे. विचार म्हणून दोन्ही मोठे. पण घरात 'मला आज स्वास्थ्य नाही' असं कोणी म्हणत नाही. घरात म्हणतात, 'बरं वाटत नाही.' शेजारच्या कोकणीत आरोग्याला 'भलायकी' म्हणतात, भलं असण्याची अवस्था. आपलं 'बरं' त्याच जातीचं. साधा, दोन अक्षरी शब्द. आणि खरी अडचण इथूनच सुरू होते. 'बरं वाटत नाही' हे वाक्य ऐकल्यावर आपण पुढं काय विचारतो?

बहुतेक वेळा काहीच नाही. 'पड जरा', किंवा 'दवाखान्यात जाऊन ये'. म्हणजे ऐकणाऱ्याची जबाबदारी संपली.

वास्तविक मराठीत या 'बरं वाटत नाही'च्या पोटात केवढा तपशील आहे. थकवा वेगळा, शीण वेगळा. शीण कामाचा असतो, झोपलं की जातो. मरगळ झोपूनही जात नाही, तिच्यात मनही सामील असतं. ग्लानीत डोळे उघडे राहत नाहीत. कणकण तापाच्या आधी येते. अंग मोडून येतं, अंग कसकसतं, हातपाय गळून जातात, पिंढऱ्या वळतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, छातीत धडधडतं, चार पायऱ्या चढलं की दम लागतो. यातला एकही शब्द दुसऱ्याच्या जागी चालत नाही. निदान करायला बसलेल्या डॉक्टरला याहून चांगली सुरुवात कोणती मिळणार?

आणि तरीही दवाखान्याच्या बाकावर बसल्यावर हे सगळं एका शब्दात गोळा होतं : 'डॉक्टर, वीकनेस आहे.' बोलणारीला वाटतं, डॉक्टरांच्या भाषेत बोललो म्हणजे लवकर कळेल. घडतं उलटं. 'वीकनेस' हा शब्द ऐकून कुठलाच आजार सुचत नाही. सुचतं ते टॉनिक, सुई, नाहीतर सलाईन. प्रत्येक डॉक्टर असं करतो असं आम्ही मुळीच म्हणत नाही. खोदून खोदून विचारणारे डॉक्टर आहेत आणि त्यांच्यामुळेच खूप काही टळतं. पण शब्दाचा उतार कुठल्या बाजूला आहे, ते सांगतो आहोत.

सलाईनचा हिशेबच करून टाकू. साध्या सलाईनमध्ये ०.९ टक्के मीठ असतं. म्हणजे एक लिटर पाण्यात नऊ ग्रॅम मीठ. बाकी काही नाही. पाच टक्के ग्लुकोज असलेली अर्धा लिटरची बाटली लावली तर पंचवीस ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे साधारण पाच-सहा चमचे साखरेइतका ऐवज. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी गेलेल्या माणसाचा जीव याच बाटलीनं वाचतो, त्याबद्दल शंका नको. पण 'ताकद यावी म्हणून' ती लावून घेणं म्हणजे एक कप गोड सरबत शिरेतून घेणं. तरीही 'दोन बाटल्या लावल्या, आता बरं आहे' हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. कारण शक्ती म्हणजे कमी पडलेली आणि बाहेरून भरता येणारी वस्तू, अशी प्रतिमा आपल्या डोक्यात पक्की झाली आहे. बाटली थेंब थेंब रिकामी होते आणि माणूस थेंब थेंब भरतो. दृश्य म्हणून याला तोड नाही.

आता यात पणाला काय लागलं आहे ते बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याच वयाच्या पुरुषांमध्ये हे प्रमाण २५ टक्के होतं. महाराष्ट्रातही निम्म्याहून जास्त बायका या गटात येतात. रक्तक्षयात काय होतं? दम लागतो, धडधडतं, अंधारी येते, हातपाय गळतात. आत्ताच आपण जी यादी म्हटली, तिच्यातले अर्धे शब्द. म्हणजे या बायका लक्षणं बिनचूक सांगत असतात, आणि आपण त्या यादीवर 'अशक्तपणा' असा शिक्का मारून ती बंद करतो.

याउलट आपल्याकडे एक बोलीतला शब्दप्रयोग आहे : 'अंगात रक्त कमी आहे.' 'पोरगी पांढरीफटक पडली आहे.' हे बोलणं 'वीकनेस'पेक्षा वैद्यकाच्या जास्त जवळ आहे. गावोगावच्या आशा कार्यकर्त्या आणि आरोग्यसेविका लोहाच्या गोळ्यांना 'रक्तवाढीच्या गोळ्या' म्हणतात. आम्हाला हा मराठीतला अलीकडचा एक फार चांगला शब्द वाटतो. गोळी काय करते ते तो सांगतो. त्याच गोळ्यांना 'ताकदीच्या गोळ्या' म्हटलं की घोटाळा सुरू होतो. लोहाच्या गोळीनं कधी मळमळतं, पोट जड होतं, शौचाला काळं होतं. 'ताकदीची' गोळी घेऊन उलट त्रासच व्हायला लागला, तर कोण पुढं घेईल? पण 'रक्त वाढायला काही महिने लागतात, पोटाला थोडा त्रास होईल' हे त्या शब्दाच्या आधारानं समजावता येतं. शब्द चांगला असला की त्याच्यामागून समजावणीची वाट निघते.

आता पुरुषांकडे वळू, कारण त्यांच्यासाठीचा शब्दही सपाट झालेला आहे, फक्त वेगळ्या ठिकाणी. रेल्वेरुळांच्या कडेच्या भिंती वाचा. 'कमजोरी', 'मर्दानी ताकद', 'शक्तिवर्धक'. १९५४ साली औषधे आणि जादूई उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध कायदा झाला. लैंगिक क्षमता वाढवून देण्याच्या जाहिरातींना त्यानं मनाई केली. भिंतींनी मात्र तो फारसा मनावर घेतला नाही. संस्कृतात 'वीर्य' म्हणजे वीरपणा, पराक्रम. त्या शब्दाचा प्रवास भिंतीवर येऊन कुठं थांबला ते आपण बघतोच. परिणाम असा, की पुरुषाची कमजोरी म्हणजे एकच एक गोष्ट. त्यामुळे ज्याला खरोखर थकवा आहे, ज्याची साखर वाढलेली आहे, ज्याला झोप नाही, तो 'मला अशक्त वाटतं' हे वाक्यच तोंडातून काढत नाही. बाईच्या अशक्तपणात सगळंच कोंबलेलं, पुरुषाच्या कमजोरीतून सगळंच वगळलेलं. ऐकू दोघांचंही येत नाही.

मग आलं २०२० साल. एका वर्षात 'इम्युनिटी' हा शब्द शहरापासून वाडीवस्तीपर्यंत पोचला. काढे आले, गोळ्या आल्या, 'इम्युनिटी वाढवणारे' लाडू आणि चहा आले. मराठी प्रतिशब्द होताच : रोगप्रतिकारशक्ती. शब्दाच्या शेपटीला 'शक्ती' होती, त्यामुळे तोही त्याच भांड्यात जाऊन पडला. शक्ती आहे म्हणजे ती वाढवता येणार, जेवढी जास्त तेवढी चांगली.

पण शरीरातली ही व्यवस्था तशी चालत नाही. तिचा गाभा ओळखण्यात आहे. कोण आपलं, कोण परकं, हा जंतू आधी येऊन गेला आहे का, याची ती आठवण ठेवते. लस देतो तेव्हा आपण शक्ती टोचत नाही. शत्रूची खूण आधी दाखवून ठेवतो, म्हणजे तो खरोखर आला तर शरीर गोंधळणार नाही. आणि हीच व्यवस्था ओळखण्यात चुकली तर स्वतःच्याच सांध्यांवर, स्वतःच्याच ग्रंथींवर हल्ला करते. आमवातासारखे काही सांध्यांचे आजार असेच होतात. तिथं डॉक्टरांना ही 'शक्ती' आवरावी लागते. आता मघाचा 'तालीम' आठवा. शिकवण आणि सराव, दोन्ही अर्थ एका शब्दात. लशीनं शरीराला तालीम मिळते असं म्हटलं, तर शाळेतल्या पोरालाही गोष्ट बरोबर कळेल. चांगला शब्द घरातच होता. आपण बाटलीतला उचलला.

आतापर्यंत जाहिरातीला आणि दवाखान्याला बोललो. आता तिसरा आरोपी, आणि तो आपल्याला जास्त जवळचा आहे : गौरवाची भाषा. पंचाहत्तरीच्या सत्कारात, श्रद्धांजलीच्या लेखात, आईवरच्या भाषणात एक वाक्य हमखास येतं. 'तिनं कधी दुखणं सांगितलं नाही. सगळं अंगावर काढलं.' हे 'अंगावर काढणं' नीट ऐका. दुखण्यावर उपचार न करता ते शरीराच्या जिवावर निभावून नेणं, असा त्याचा अर्थ. बोलताना आपण तो दोन्ही सुरांत वापरतो. माणूस समोर असेल तर रागावून : 'अंगावर काढू नकोस.' माणूस गेल्यावर कौतुकानं : 'सगळं अंगावर काढलं.' जे जिवंतपणी चूक होतं, ते मेल्यावर सद्गुण कसं होतं?

त्याच सुरात 'सोशिक', 'कणखर', 'खंबीर' येतात. पुरुषाची ताकद तो किती उचलतो यावर मोजली, बाईची ताकद ती किती सोसते यावर. आणि सोसण्याचं माप असं आहे, की जितकं कमी बोलेल तितकी ती जास्त बळकट ठरते. म्हणजे या शब्दांच्या नियमानुसार 'माझ्या अंगात त्राण नाही' असं म्हणणारी बाई आपोआप कमी प्रतीची ठरली. मग ती कशाला म्हणेल?

समीक्षाही यातून सुटलेली नाही. उद्धव शेळके यांची 'धग' ही वऱ्हाडातल्या गरीब घराची कादंबरी १९६० सालची. तिची नायिका कौतिक संसाराचा गाडा एकटीनं ओढते. तिच्याबद्दल बोलताना झुंजार, चिवट, कणखर असे शब्द आपल्या तोंडात पटकन येतात. ते खोटे नाहीत. पण ते लवकर येतात, आणि आले की वाचन थांबतं. कादंबरी दाखवते ती झिज आहे. माणूस कशानं आणि किती झिजतो, हे ती प्रसंगामागून प्रसंग मांडते. आपण मात्र त्या झिजेला धैर्य असं नाव देऊन समाधानानं पुस्तक मिटतो.

याच्या शेजारी बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं' ठेवा. त्यात उपाशी बाळंतिणी आहेत, बाळंतपणातले हाल आहेत, भुकेनं पोटाचं काय होतं ते आहे. तिथं लेखिका बायकांना कणखर म्हणून शाबासकी देत बसत नाही. शरीराला काय झालं, ते सांगते. वाचताना आपल्याला टाळ्या वाजवाव्याशा वाटत नाहीत, 'हे का होऊ दिलं?' असं विचारावंसं वाटतं. दोन्ही पुस्तकं मोठीच आहेत. फरक आपल्या शब्दांचा आहे : विशेषण प्रश्न संपवतं, तपशील प्रश्न उभा करतो.

मराठीत 'बळी' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक बलवान : 'बळी तो कान पिळी'. दुसरा, देवापुढे कापायला नेतात तो. मुळात हे दोन वेगळे संस्कृत शब्द, मराठीत येऊन एकसारखे झाले. पण ज्या माणसाला 'किती बळकट' म्हणून गौरवतात, त्याच्याच वाट्याला सगळं ओझं येतं, हे घराघरात बघितल्यावर वाटतं, हा योगायोग भाषेनं उगाच घडवला नसेल.

आता तुमच्या मनात आलेला आक्षेप आम्हीच मांडतो. शब्द बदलून रक्त वाढतं का? नाही. रक्त वाढतं लोहानं, पुरेशा जेवणानं, शेवटी न जेवता सगळ्यांबरोबर जेवल्यानं, जंताच्या औषधानं, पाळीत जास्त रक्त जात असेल तर त्याच्या उपचारानं. गरिबीला प्रतिशब्द शोधून गरिबी हटत नाही. हे सगळं मान्य. शिवाय ज्या घरात दवाखान्याची फी हाच मोठा प्रश्न आहे, तिथं दुखणं अंगावर काढणं ही निवड नसते, नाइलाज असतो. तोही मान्य.

पण शब्द एक गोष्ट नक्की करतो. ऐकणारा पुढचा प्रश्न कोणता विचारणार, हे तो ठरवतो. 'वीकनेस आहे' म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, 'काय घेतेस त्यावर?' 'जिना चढताना दम लागतो' म्हटलं की प्रश्न येतो, 'कधीपासून?' या दुसऱ्या प्रश्नातून रक्ततपासणी निघू शकते, हिमोग्लोबिनचा आकडा निघू शकतो. गरोदर नसलेल्या स्त्रीला तो बाराच्या खाली गेला तर रक्तक्षय धरतात. म्हणजे एका बाजूला बाटली आहे, दुसऱ्या बाजूला आकडा, आणि वाट फुटते ती पहिल्या वाक्यापाशी.

म्हणून आमचं मागणं मोठं नाही. शुद्धीकरणाची मोहीम नको, नवा पारिभाषिक कोश नको. 'वीकनेस' म्हणणाऱ्याला हसायचं नाही, तो शब्द त्याला आपणच शिकवला आहे. फक्त त्यानंतर थांबून विचारायचं : वीकनेस म्हणजे नेमकं काय होतंय? गळल्यासारखं वाटतं, की दम लागतो, की अंधारी येते? सकाळी उठल्यावरही असतं का? शब्द माणसाकडे असतात. कोणी विचारत नाही म्हणून ते आत राहतात.

आणि पुढच्या सत्कारात, पुढच्या श्रद्धांजलीत 'तिनं सगळं अंगावर काढलं' हे वाक्य लिहायची वेळ आली, तर त्याच्या खाली आणखी एक ओळ लिहून बघू : तिला काय होत होतं, आणि ते आपल्यापैकी कोणी विचारलं होतं का? त्या ओळीचं उत्तर सगळ्यांना सोयीचं नसेल. पण ज्या बाई अजून आपल्या घरात चालत्या-फिरत्या आहेत, त्यांच्यासाठी ती ओळ वेळेवर लिहिलेली असेल.

आज इथं थांबतो.